बोरटेकाडावरच्या चुली

तुमच्यातल्या कोणी ट्यूबच्या तराफ्यावरून चूल नेलीय का कधी? नाय ना? मग मुरबाडची गाडी येईपर्यंत गप ऐका. आणि मधी मधी "पुढं काय झालं" विचारू नका रे, मी पुढचंच सांगत असतो.

सुरुवात केली दीपेशनं. हे आधी लिहून ठेवा. गावात सगळे बोलतात संज्यानं केलं, संज्यानं केलं. संज्यानं नुसतं विचारलं. विचारायला काय जातं?

दीपेश म्हंजे माझ्या मावशीचा पोरगा. आमच्याच घरी असतो, कल्याणला सीएच्या हापिसात जातो. सीए नाय हां, सीएच्या हापिसात. हा फरक तो स्वतः कधी सांगत नाय म्हणून मी सांगतो. तर एका रविवारी आमी दोघं धरणाच्या बांधावर बसलेलो, शेंगा खात. आणि हा बोलला, "संज्या, जगात अशी बेटं आहेत जिथं टॅक्सच नाय."

मी बोललो, "मग तिथं राहतात कोण?"

"कोणी नाय. तीच तर मजा. मोठ्या मोठ्या कंपन्या धंदा करतात आपल्याकडे आणि पत्ता देतात त्या बेटावरचा. तिथं एकेका बिल्डिंगीत हजारो कंपन्यांच्या पाट्या. आत बघायला जाशील तर एक शिपाई. तो पण जेवायला गेलेला."

आता मला सांगा, असं काही ऐकल्यावर माणूस शेंगा खाऊ शकतो का? माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी बोललो, "थांब. त्यांचे ट्रक कुठल्या रस्त्यानं जातात?"

"आपल्या."

"रस्ता बांधतं कोण?"

"आपण. म्हंजे सरकार. म्हंजे आपणच."

"म्हंजे जेवायला आपल्या पंगतीत, आणि पत्रावळ्या उचलायच्या वेळी बेटावर?"

"एकदम बरोबर."

"अरे पण हे बरोबर आहे का?"

"कायदेशीर आहे."

"मी ते नाय विचारलं."

दीपेशनं शेंगेचं टरफल पाण्यात फेकलं नि बोलला, "आमच्या हापिसात तेवढंच विचारतात."

झालं. किडा शिरला डोक्यात. मी दिसेल त्याला विचारत सुटलो. आईला विचारलं, "आई, समज एक माणूस आपल्याकडे जेवला..." आई बोलली, "कोण जेवलं? भात पुरंल का?" बाबांना विचारलं, तर बाबा बोलले त्यांची कंबर दुखतेय. हे त्यांचं सगळ्या प्रश्नांना उत्तर आहे. त्या कमरेमुळंच तर पुढचं सगळं झालं.

कसं ते सांगतो. आमचं गाव शहापूर नि मुरबाडच्या अगदी शिवेवर. वीस-बावीस उंबरे, आणि ओढ्यापलीकडं वाडी. गावात एकच विहीर. होळी झाली की विहिरीचा गाळ काढायचा, तेव्हा कुठं झरा मोकळा होतो नि पावसापर्यंत पाणी पुरतं. आणि गावकीचा नियम एकच: चुलीमागं एक माणूस. ज्या घरात चूल पेटते त्या घरातून एक माणूस, गाळ संपेपर्यंत रोज. आता आमच्या घरात बाबांची ती कंबर, अनिलदादा मुरबाडच्या कंपनीत शिफ्टला, दीपेश कल्याणला. राहिलं कोण? दरसाल मी! आणि यंदा नेमकी होळीनंतर वैशाखऱ्याची टेनिसबॉल टूर्नामेंट. मी ओपनर. तुमी बघितलंय मला खेळताना. हसताय काय?

तर मी बांधावरून समोर बघतो, आणि समोर काय? बोरटेकाड! धरणाच्या पाण्यात मधोमध उभं. आमच्या आज्याची तिथं जमीन होती, धरण झालं तशी सगळी खाली गेली, वरचं टेकाड तेवढं राहिलं. चार बोरी, एक मोडकी झोपडी, चारी बाजूंनी पाणी. म्हंजे काय? बेट!

मी दीपेशकडं बघितलं. दीपेशनं माझ्याकडं बघितलं. मी बोललो, "चूल तिकडं हलवली तर?"

तो बोलला, "सल्ल्याची फी लागेल. शहापूरला वडापाव."

खरं सांगतो, मला गाळ चुकवायचा होता हे निम्मं. निम्मं मला बघायचं होतं की असं केल्यावर होतं काय. शाळेत नाय का, बेडूक कसा उडी मारतो बघायला आपण त्याला डिवचतो, तसं. फक्त यात बेडूक मी स्वतः होतो, हे नंतर कळलं.

गावकीची बैठक मारुतीच्या ओट्यावर. मी उभा राहिलो नि बोललो, "यंदा आमची चूल बोरटेकाडावर आहे. तर आमचं माणूस येणार नाय." मला वाटलं मारतील. सगळी तात्यांकडं बघायला लागली.

कुंडलिकतात्या म्हंजे आमच्या गावातली मोठी असामी. सगळ्यात जास्त भातशेती त्यांची. होळीला पयला नारळ त्यांचा, लाकडाला पयला हात त्यांचा, मान त्यांच्या घराण्याचा. रेशनकार्डावर त्यांच्या घरात चार चुली आहेत. गाळ काढायच्या वेळी मोजल्या तर एकच निघते. असा जादूचा वाडा.

तात्यांनी डोळे मिटले. तंबाखू मळली. आणि बोलले, "पोरगा शिकलेला हाय. नियमात बोलतोय. नियम चुलीचा. ज्येची चूल गावात तो गावकरी, त्यानं माणूस द्यायचं. ज्येची चूल भायेर तो पावना. पावन्याकडनं काम घेतात का? फकस्त चूल पेटली पायजे. धूर दिसला पायजे गावातून, रोज सांजचा. आनि होळीचं लाकूड जिथं चूल तिथंच टाकायचं."

एवढ्या लवकर तात्यांनी कोणाच्या बाजूनं निकाल दिलेला मी जन्मात बघितला नव्हता. तिथंच मला कळायला पायजे होतं.

तेवढ्यात ओट्याखालून आवाज आला, "आनि गाळ कवा काढताय रे?"

ती हिराबाई. वाडीतली. वाडीतली सगळी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीला जातात, मागं राहते हिराबाई नि तिची नात सुंदरा. पण नियम चुकत नाय. भट्टीवर गेलेल्यांच्या चुली थंड असल्या तरी त्यांच्या वाटचा गाळ हिराबाई काढते. एकटी. शिव्या देत, पण काढते. शिव्या अशा की ऐकायला पोरं मुद्दाम विहिरीवर येतात. यंदा तिला घाई होती. पाडवा झाला की सुंदराचं लगीन, धसईकडचा नवरा. "वऱ्हाड येनार. पानी नसलं तर वऱ्हाडाला काय थुंकी देऊ?" हे ती रोज येऊन विचारायची, नि रोज वेगळ्या शब्दात.

तात्या बोलले, "निघंल निघंल, गाळ निघंल."

कोण काढील ते बोलले नाय.

आता चूल. आई बोलली, "चूल हलत नाय. पोरी लगीन होऊन हलतात, चूल नाय." मी बोललो, आई, नुसती नावाला. ती बोलली, "नावाला हलवायची तर नाव ने." मग मी परसातली जुनी मातीची चूल उचलली, जिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं ती. दीपेशनं एक बाजू धरली. भिमाचा तराफा होता, तोच आमचं जहाज. भिमा धरणात मासे पकडतो. ट्रकच्या चार ट्यूबा, वर फळ्या, सुंभानं बांधलेल्या. त्यानं चुलीकडं बघून भाडं वेगळं सांगितलं. बोलला, "माणसाचं वेगळं, संसाराचं वेगळं."

मधोमध गेलो नि तराफा कलला. चूल पाण्यात बुडाली नाय, फक्त भिजली. पण मातीची ती. टेकाडावर पोचेपर्यंत दीपेशच्या मांडीवर चुलीऐवजी चिखल होता. नवी पँट, हापिसची. तो काय बोलला ते हिराबाईच्या तोडीचं होतं.

शेवटी तीन दगड मांडले, बोरीच्या काट्या पेटवल्या, धूर काढला. पलीकडून आई हात हलवत होती. मला वाटलं कौतुकानं. ती विचारत होती की काडेपेटी कोणी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या दारात. हातात तीन दगड.

"संज्या, तुज्या तिकडं जागा हाय ना रे?"

मी काय बोलणार? तात्यांना नाय बोलणारा गावात अजून जन्मायचाय. तात्यांचे दगड गेले तसे त्यांच्या भावाचे गेले. भावाचे गेले तसे शेजारचे बोलले, तात्यांची एवढी मोठी चूल गाळ काढत नाय तर आमीच काय गाढवं? आणि गंमत बघा, एक एक चूल निघाली की मागं राहिलेल्यांच्या वाटचा गाळ वाढतो. गाळ तर तेवढाच, माणसं कमी. म्हंजे राहिलेला जो असतो तो अजून घाबरतो आणि तो पण निघतो. प्रत्येकाचं कारण एकच, तो गेला म्हणून. मला हे इतकं भारी वाटलं ना, मी दीपेशला फोन केला हापिसात. तो बोलला, "तिकडं मोठ्या जगात पण असंच होतं. ठेव फोन, साहेब बघतोय."

आणि सल्ले! प्रत्येकाचा सल्ला. एक बोलला दगडांवर खडूनं नावं घाला, नायतर कोणाची चूल कोणती कळणार कशी. घातली. मग एक बोलला, तात्यांचे दगड उंचावर पायजेत, मान आहे. उचलले. मग कोणीतरी काढलं की रोज सांजचा प्रत्येकानं धूर करायला तिकडं जायचं म्हंजे कामधंदे बुडतील, तर एकानंच सगळ्या चुली पेटवाव्यात. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. जागा तुझी, कल्पना तुझी, आणि तू मोकळाच आहेस.

मी मोकळाच! रोज दुपारी लाकडं तोडायची, तराफ्यात घालायची, टेकाडावर वाहायची, झाडून सगळ्या चुली पेटवायच्या, त्या पण वेगवेगळ्या, कारण धूर मोजायला तात्या बांधावर उभे. एक धूर कमी दिसला की पलीकडून ओरडायचे, "संज्याऽ, माजा इजला!" डोळे लाल, हाताला बोरीचे काटे, अंगाला धुराचा वास. प्रॅक्टिसला गेलो तर कॅप्टन बोलला, तू लांबच उभा राहा रे. गाळ काढणाऱ्याला निदान दुपारी चहा मिळतो. मी त्या हजार पाट्यांच्या बिल्डिंगीतला शिपाई झालो होतो. आणि मला जेवायला पण सोडत नव्हते.

मग तात्यांना कागद पायजे झाला. "बोलनं वाऱ्यावर जातं. कायतरी शिक्का आन." आता चुलीचा कसला शिक्का? पण गेलो. मुरबाडला हापिसात गेलो, खिडकीतल्या साहेबांना बोललो, बोरटेकाडावर राहतो असा दाखला पायजे. त्यांनी नकाशा काढला. बोट फिरवलं, चष्मा पुसला, परत फिरवलं.

"इथं तर पाणी आहे."

"साहेब, काल मी तिथं चहा केला."

"पाण्याखाली?"

"नाय साहेब, वर. टेकाड आहे."

"नकाशात नाही." आणि मग जरा दया आल्यासारखं बोलले, "शहापूरच्या हद्दीत असेल. तिकडे विचारा."

शहापूरला गेलो. तिथं बाई होत्या, त्या डबा खात होत्या, मला पण एक पोळीचा तुकडा दिला, माणूस चांगली. पण नकाशा तोच. "हे पाण्याखाली गेलेलं आहे. पाण्याखालचं आमच्याकडे नाही. मुरबाडला जा." मी बोललो, मॅडम, मुरबाडनंच पाठवलंय. त्या बोलल्या, "मग तुम्ही कुठेच नाही."

परत येताना सापगावला चहा प्यायला थांबलो, आणि मला भीतीच वाटली रे. मी कुठंच नाय म्हंजे? मला चटका तर बसला चहाचा. पण दीपेशला सांगितलं तर तो टाळ्या वाजवायला लागला. "संज्या, येड्या, यापेक्षा भारी काय पायजे? जगातल्या बेटांना निदान नाव असतं!" तात्यांना सांगितलं. तात्या पण खूश. गावात माझा भाव वाढला. त्या आठवड्यात उरलेल्या चुली पण गेल्या.

विहिरीवर मी एकदा डोकावलो. मुद्दाम नाय, सहज. तळाला हिरवट गढूळ पाणी, बादली टाकली की निम्मा चिखल वर येत होता. सुंदरा ते पाणी फडक्यानं गाळत बसलेली. मला बोलली, "संजूदादा, तुमच्या बेटावर पानी चांगलं हाय का?" मी बोललो, चारी बाजूंनी पाणीच आहे. ती बोलली, "मग थोडं लग्नाला पाठवा." मस्करीनंच बोलली. मी हसलो. पण घरी येऊन जेवताना तांब्यातलं पाणी बघत बसलो, तर आई बोलली, "पी, मी तीनदा गाळलंय."

होळी आली.

आता नियम तात्यांचाच, की होळीचं लाकूड जिथं चूल तिथं. म्हंजे सगळं गाव दुपारपासनं धरणाच्या काठावर. बाया पुरणपोळ्यांचे डबे घेऊन, म्हातारी माणसं काठ्या घेऊन, पोरं नुसतीच. भिमाच्या खेपांवर खेपा. भिमा एकटा सुखी. आणि तात्यांच्या हातात दोन नारळ. मी विचारलं, दोन कशाला? बोलले, "एक बेटावरचा. दुसरा गावातला. तिकडची होळी लावायची, तराफ्यानं परत यायाचं, गावची होळी लावायची. मान सोडून चालंल का?"

दीपेश माझ्या कानात बोलला, "चूल तिकडं, मान इकडं. बघ, हे न शिकताच कळतं माणसाला."

तेवढ्यात हिराबाई आली. डोक्यावर घमेलं. घमेल्यात तीन दगड. मागं सुंदरा, काखेत लाकूड. येऊन सरळ रांगेत उभी.

भिमा बोलला, "हिरामावशे, कुटं?"

"सगळी चाललीत तिकडं. मला पन ने."

तात्या मागं वळले. "तुजं काय काम गो तिकडं?"

"जे तुमचं."

"अगो, येडी का खुळी? सगळीच तिकडं गेली तर गाळ कोन काढील?"

आता बघा हां. हा प्रश्न आमच्यातल्या एकानं पण आतापर्यंत तोंडातून काढला नव्हता. सगळ्यांच्या पोटात होता. तो तात्यांनी भर काठावर, पुरणपोळीच्या डब्यांसमोर टाकला.

हिराबाईनं घमेलं खाली ठेवलं. "म्हंजे कोनीतरी ऱ्हायला पायजे गावात?"

"पायजे तर."

"नि ती मी?"

तात्या जरा चाचरले. मग बोलले, "तुमाला सवय हाय."

मला वाटलं आता निघणार शिव्या. सगळी पोरं पुढं सरकली. पण नाय. हिराबाईनं तात्यांकडं बघितलं, आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं, माझ्या पण. घमेलं उचललं. "बरं," बोलली. "चल गो सुंदरे." आणि गेली. शिव्या न देता गेलेली हिराबाई गावानं पयल्यांदाच बघितली. मी आईकडं बघितलं, तर आई डब्याचं झाकण उगाचच उघडून बंद करत होती.

बरं, टेकाडावर काय झालं ते ऐका. एवढी माणसं त्या टेकाडावर कधी चढलीच नव्हती. बसायला जागा नाय, सगळीकडं बोरीचे काटे. एका म्हातारीचं लुगडं अडकलं, एका पोराच्या पायात काटा. उतरायला धड वाट नाय, दोघं चिखलात बसले. ओरडाआरडा. तर तात्या एका दगडावर उभे राहून बोलतात, "हे असं नाय चालायचं. काटं साफ करा, वाट करा. चुलीमागं एक माणूस लावा!"

मी दीपेशकडं बघितलं. दीपेश आभाळाकडं बघत होता.

माणसं कामाला लागली पण! विळे, कोयते, दगड उचल, चिखल उपस. ज्या कामातनं पळून आलो तेच काम, फक्त विहिरीऐवजी काट्यात. तोडलेल्या काट्या उतारावर ढकलल्या. कोणी? नाव घेत नाय, पण तो उद्या ओपनिंग करणार होता. काट्या घसरत घसरत खाली गेल्या, आणि फुस्सऽऽ. तराफा. एक ट्यूब तिथंच बसली, दुसरी हळूहळू. भिमा मला जे बोलला ते सोडा.

दिवस कलला. बेटावरची होळी लावून तात्यांनी गावच्या होळीसाठी दुसरा नारळ हातात घेतला, धोतर सावरलं, खाली आले. बघतात तर तराफ्याचं धिरडं झालेलं.

आणि नेमकं तेव्हाच समोर, पाण्यापलीकडं, मारुतीच्या ओट्यासमोर, होळी पेटली.

लहान नाय हां. ज्वाळा पार पिंपळाच्या फांदीला. सगळं टेकाड बघत राहिलं. गावात तर कोणी नाय. मग?

"कोनी लावली?" तात्या किंचाळले. "माजी होळी कोनी लावली?"

एवढ्या लांबून ओरडून काय उपयोग? पण तात्यांना काय सुचेना. नारळ डोक्यावर धरला आणि तसेच पाण्यात उतरले. बायका ओरडल्या, "अवो बुडाल! अवो तात्या!" तात्या चालतायत. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. आमी श्वास रोखून. आणि तात्या चाललेत आपले. पाणी गुडघ्याच्या वर जाईना!

होळीला धरण उतरतं हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे रे. लहानपणापासनं बघतोय. पण भिमा त्याच्या नेहमीच्या खोल वाटेनं न्यायचा, आमी फळीवर बसून भाडं द्यायचो, आणि गावाकडच्या अंगाला उथळ आहे का कोणी पाय घालून बघितलंच नाय. जो समुद्र आमी जहाजानं पार केला होता तो तात्यांच्या गुडघ्यापर्यंत होता. मग काय, सगळं गाव डबे डोक्यावर घेऊन, चिखलात फचक फचक, तात्यांच्या मागं. मधे आमच्या बाजूनं एक म्हैस गेली, तात्यांचीच. ती उलटी टेकाडाकडं चालली होती, चरायला. आमच्याकडं बघितलं पण नाय तिनं.

होळीसमोर हिराबाई बसलेली. भाजलेला नारळ फोडून सुंदरा प्रसाद करत होती. आमाला बघून हिराबाई उठली, पदर सारखा केला, आणि इतक्या गोड आवाजात बोलली, "या पावनं. लांबून आलात. बसा. सुंदरे, पावन्यांना पानी दे. गाळून दे हां."

तात्यांच्या धोतरातनं चिखल गळतोय. बोलले, "हिराबाय, तू माजा मान घेतलास?"

"घेतला नाय. पडला व्हता. उचलला."

"अगो पन गावकीनं ठरवल्याबिगर..."

"गावकी बसली ना. दुपारी. ज्येची चूल गावात तो गावकरी, तुमीच बोल्लात. गावात चूल कोनाची? माजी. तवा गावकीत मी बसले, मीच बोल्ले, मीच मान हलवली. भांडान नाय, काय नाय. लवकर उरकलं."

तात्या माझ्याकडं वळले. "संज्या, तू सांग. तू शिकलेला हायस."

सगळी माझ्याकडं बघतायत. माझ्या पँटीत काटे. मी बोललो, "तात्या, नियमात बसतंय."

कोणीतरी हसलं. मग अजून एक हसलं. मला वाटतं आधी आईच हसली. मग एकदम सगळं गाव. तात्या सोडून.

आता परत गावात यायचं तर गावकीला विचारायला पायजे ना? गावकी म्हंजे हिराबाई. ती बोलली, "येवा की. गाव काय माज्या बापाचं हाय? फकस्त पळून गेलेली चूल परत आली तर चुलीमागं दोन मानसं. नि गाळ उद्यापासनं." तात्या बोलले, त्यांच्या घरात एकच चूल. हिराबाई बोलली, "रेशनकार्ड आना बगू."

तात्यांनी धोतर पिळायला घेतलं.

तर वैशाखऱ्याची टूर्नामेंट आमच्या टीमनं जिंकली. माझ्याशिवाय. ओपनिंगला कॅप्टनचा मेव्हणा गेला, त्यानं पन्नास मारले. मी त्या टायमाला विहिरीच्या तळाला, मांडीपर्यंत गाळात. आमच्या चुलीमागचा दुसरा माणूस दीपेश, रजा टाकून. आमच्या बाजूला तात्या. त्यांची आठ माणसं व्हायची होती, सात सापडली, मग आठवे स्वतः उतरले.

घमेलं देता देता मी दीपेशला विचारलं, "ती बेटं कधी आटतात का रे?"

"समुद्र आहे तो, संज्या. समुद्र आटत नाय."

"पण कोणी पाय घालून बघितलाय का, किती खोल आहे?"

दीपेश घमेलं हातात धरून थांबला. खरंच विचार करत होता. त्याच्या साहेबानं पण त्याला असं कधी थांबलेलं बघितलं नसेल.

वरून हिराबाई ओरडली, "ए बेटावाल्यांनो! तोंडं चालवू नका, घमेलं येऊ द्या वर!" आणि मागोमाग जे बोलली ते इथं बायामाणसं उभी आहेत म्हणून सांगत नाय. पण एवढं बरं वाटलं ना रे ऐकून. मी घमेलं उचललं.

तेवढ्यात तात्या कोपऱ्यातून "अय्योऽ" करून ओरडले. मला वाटलं साप. ते एका पायावर उभे, दुसरा पाय हलवून बघतायत, आणि तोंड असं झालेलं जसं काय पयल्यांदा आंघोळ करतायत. "गार लागतंय! खालनं येतंय! झरा, झरा!" आमी सगळे धावलो तिकडं, पाय घालून बघायला. खरंच गार होतं.

वर सुंदरा विहिरीच्या काठाला पोटावर पडून वाकून बघत होती.

मग सगळं शांत झाल्यावर तात्यांनी हळूच वर बघितलं. चिखलानं चेहरा ओळखू येत नव्हता. बोलले, "हिराबाय... फुडल्या होळीचा नारळ..."

"बगू," वरनं आवाज आला. "लाकूड आना पयलं."